तालाची कोरी ओळ

साल दोन हजार पंचवीस, माझं वय त्र्याहत्तर. नाहूरला घराच्या गॅलरीत चहा पीत बसलो होतो, तेव्हा मुलुंडहून संगीताचा फोन आला. संगीता म्हणजे आमच्या आत्माराम बुवाची सून. म्हणाली, "तात्या, बाबा गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं का म्हणालो, ते दीड महिना झाला तरी कळत नाही...

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण आमची दोघांची गिरणी बंद पडली त्या वर्षापासून बुवा आणि मी एका भजनी मंडळात. तो गायचा, पेटी वाजवायचा, मी पखवाजावर. पुढे तो वॉचमन झाला, मी सुतारकामाला लागलो, पण शनिवारचं भजन चुकलं नाही. माझ्या हाताचा मला गर्व आहे, लपवत नाही. बुवाची पट्टी काळी दोन. त्याने पहिला सूर धरला की तो पुढे कुठे वळणार ते माझ्या हाताला आधी कळायचं.

दीड-दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पेटी बंद झाली. सहा महिने तो भिंतीकडे बघत बसून होता. मग संगीताने तिच्या टॅबवर गाणं बांधायचं एक इंटरनेटचं पान काढून दिलं. त्यात नुसती घरं, गणिताच्या वहीसारखी. वरच्या घरांत वरचे सूर, खाली खालचे, आणि सगळ्यात खाली तालाची ओळ. बोट लावलं की घर रंगतं. एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते, रंगलेल्या घराला शिवली की ते वाजतं. डाव्या हाताच्या एका बोटाने बुवा त्यात नवी चाल बांधायला लागला. सुरुवातीला नुसता गोंधळ. पेटीच्या सवयीने तो एकच सूर पुन्हा पुन्हा दाबायचा, आणि दुसऱ्यांदा बोट लागलं की घर पुसलं जायचं.

मला ऐकायला बोलावलं तेव्हा अर्धी चाल झाली होती. चांगली होती, पण मी ते बोललो नाही. तालाच्या ओळीत मात्र त्याने एकही घर रिकामं सोडलं नव्हतं. सगळं धडधड धडधड.

"बुवा, ह्यो पखवाज की शिलाई मशीन?"

"मग तू भर, मेल्या. माका तुझो हात येता काय?"

"माझो हात चौकटीत बसाचो नाय."

"बसवून तरी बघ."

"पखवाजाक कणीक लागता, वीज नाय."

पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. बुवा हसला. मग हळूच म्हणाला, "पेटी गेली रे माझी. आता ह्यां तरी..." मी चहा न घेता उठलो. नंतर दोनदा त्याचा निरोप आला. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक होता.

बाराव्याला गेलो तेव्हा संगीताने टॅब माझ्या मांडीवर ठेवला. चाल पुरी झाली होती, अंतऱ्यासकट. तालाच्या ओळीतली सगळी घरं मात्र पुसलेली. ती म्हणाली, "मी बोलले होते बाबांना, ती ओळ मी भरते ना. तर म्हणाले, नको, ती तात्याची जागा. हट्ट उतरला की येईल तो."

मी रेघ सरकताना बघत राहिलो. वर बुवाचे सूर वाजत होते आणि खालून ओळ कोरी जात होती. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही असं एकट्याला गाऊ दिलं नव्हतं...

"दोन दिवस घरी नेऊ काय गं?" मी विचारलं.

"न्या की. तुमच्यासाठीच ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मूठभर कणीक भिजवली, पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापली. टॅब समोर ठेवला, चाल लावली आणि बुवाबरोबर वाजवलं. तीनदा वाजवलं, हात कुठे पडतो, कुठे थांबतो ते बघत. मग खालच्या ओळीतलं पहिलं घर भरलं. दुसरं सोडलं, तिथे माझा हात उचललेला असतो. तिसरं भरलं. काचेवर कणीक लागत होती.