विम्याचा मोठा कागद

आमच्या घरात गोव्यातल्या भाड्याच्या गाडीचा विषय निघाला की मी आजही ताटावरून उठते. आता भाचरं गोव्याला जातात, गाडी घेतात, विम्याचं काय ते दोन मिनिटांत ठरवतात आणि संध्याकाळी घरी येतात. मला विचारतात, आत्ये, तू एवढी का गो चिडतंस? त्यांना काय सांगायचं? तेव्हा गोवा परदेश होता. आरोंद्याची खाडी तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, ओलांडली की पलीकडे पोर्तुगालचं राज्य. त्यांचे पोलीस, त्यांचा शिक्का, त्यांचे कायदे. आणि त्या परदेशात माझ्या भावाची नोकरी एका नारळापायी गेली.

दादा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. वडील मी लहान असतानाच गेलेले. घर चालायचं ते दादाच्या मनीऑर्डरीवर आणि थोरल्या काकांच्या शब्दावर. थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. उभा जन्म शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, आणि तांडेलापुढे खलाशानं तोंड उघडायचं नसतं. मचवा विकून कित्येक वर्षं झाली तरी काका तांडेलच राहिले. खलाशी आता आम्ही होतो, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी मे महिन्यात दादा सुट्टीवर गावी, तोंडवलीला, आला तो एक बेत घेऊनच. आमचं कुलदैवत गोव्यात फोंड्याकडे, आणि आईचा तिथला नवस फेडायचा राहिला होता. शेठच्या बायकोला, सासूला, इतकंच काय त्यांच्या कुत्र्यालासुद्धा दादा वर्षभर गाडीतून फिरवायचा. आमची आई जन्मात मोटारीत बसली नव्हती. म्हापशाला एका दुकानात ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्यानं मिळते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"आवशीक मी सोता गाडी चलवून देवीक नेतलंय," तो म्हणाला. त्याच दिवशी आईनं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढून उन्हात घातलं.

आरोंद्याला एका नातेवाइकाकडे मुक्काम करून दादा, आई, काका आणि मी असे चौघं सकाळी तरीत बसलो, आणि बस, पुन्हा होडी, पुन्हा बस असं करत दहाच्या सुमाराला म्हापशाला पोचलो. दुकानात एक किडकिडीत कारकून होता. त्यानं दादाचं लायसन मागून घेतलं, त्यावरचं सगळं एका वहीत उतरवायला घेतलं आणि मग आमच्यापुढे विम्याचे दोन कागद ठेवले. दोन्ही पोर्तुगीज भाषेत. त्यानं कोंकणीत समजावलं. लहान कागदाचे पैसे गाडीच्या भाड्यातच धरलेले. वाटेत कुणाला धक्का लागला तर त्याचं बघायला तो कागद. गाडीचं काही झालं तर मात्र ते भाड्यानं नेणाऱ्यानं भरायचं. मोठ्या कागदाचे थोडे पैसे वर द्यायचे, की गाडीचीही काळजी नाही.

"साधी कांच फुटली तरी आमी पळयतले," म्हणजे आम्ही बघून घेऊ, असं तो म्हणाला.

मी तेव्हा मालवणच्या हायस्कुलात इंग्रजी तिसरीत होते. पोर्तुगीज मला ओ की ठो कळत नव्हती, पण मोठ्या कागदावर चार ओळी जास्त आहेत एवढं दिसत होतं, आणि कारकून काय सांगतोय ते तर माझ्या आईलाही कळलं होतं. मी म्हटलं, "दादा, मोठो घे."

काका माझ्याकडे वळले. "तुका कोणी इचारल्यान? गाडी हलली नाय आणि हेंका मोडूची घाई. असलो कागद घेतल्यार गाडी मोडतलीच. इघ्नाक आमंत्रण कित्याक?"

"काका, पण परको मुलूख आसा..."

"देव सांभाळूचो नाय आणि ह्यो कागद सांभाळतलो?"

आता गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! मी म्हटलं, "आपलो राखणदार खाडयेच्या पलीकडे येत नाय, तुमीच सांगतास." आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राखणदाराची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. शीव ओलांडली की तिथला देव वेगळा, त्याचा मान वेगळा. मला वाटलं, मी काकांना पेचात पकडलं. काकांनी मात्र मान डोलावली.

"ह्या खरा बोललंस," ते म्हणाले. "हयल्या देवाक गाऱ्हाणा घालूक व्हया. चल, नारळ आणूया."

म्हणजे ही अक्कल मीच त्यांना दिली! पुढं कितीतरी वर्षं मी या एका वाक्यासाठी स्वतःला बोल लावत आले. मोठा कागद तिथंच मेजावर राहिला आणि मी काकांच्या मागून बाजारात गेले. काकांनी पाच-सहा नारळ कानाशी हलवून पाहिले आणि त्यातला सगळ्यांत जड घेतला.

आम्ही परत आलो तेव्हा दादानं गाडी दुकानासमोर आणून उभी केली होती. काळी, मोठी, पुसून लखलखीत केलेली. आई मागच्या गादीवर अंग चोरून बसली होती, एक हात खिडकीच्या काठावर. लाजून हसत होती. माझ्या आईला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

काकांनी वहाणा काढल्या, नारळ दोन्ही हातांत धरला आणि भर रस्त्यात, म्हापशाच्या बाजारात, गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां परमुलखात गाडयेन जातत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. गाऱ्हाण्याला होय म्हणावंच लागतं.

"तेंच्या वाटेत काय इडा-पिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग नारळ फोडायचा. दुसरा कुणी असता तर त्यानं चाकापुढे एक दगड ठेवून त्यावर फोडला असता. पण काका तांडेल. मचवा पाण्यात लोटताना नारळ फोडतात तो त्याच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर. काकांनी गाडीची नाळ शोधली, हात वर नेला आणि मचव्याच्या सागवानावर हाणतात त्या जोरानं नारळ गाडीच्या नाकावर हाणला. तो निसटला आणि उजव्या दिव्यात घुसला. काच फुटली, कडं वाकलं, आतली चकचकीत वाटी चेपली. नारळ मात्र अख्खाच्या अख्खा गटाराकडे घरंगळत गेला.

गाडी एक वीतसुद्धा हलली नव्हती!

कारकून डोक्याला हात लावून बाहेर आला. हा दिवा इथं मिळत नाही, बोटीनं येतो, मालक माका खातलो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यानं सांगितलेली दिव्याची किंमत आमच्यापाशी नव्हती. दादाचं लायसन अजून त्याच्या वहीतच होतं. ते त्यानं खणात टाकलं आणि कुलूप लावलं. पैसे आणून द्या, लायसन घेऊन जा. दादानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "आये, उतर." आई उतरली. देवीला आम्ही बसनं गेलो. काका वाटेत म्हणत होते, मोठं संकट होतं ते दिव्यावर निभावलं, देवानं लाज राखली. मला त्यांना बसमधून खाली ढकलावंसं वाटत होतं.

पैसे जमवून पावसाळा सरल्यावर जायचं ठरलं होतं. तोवर परवाने आले, मग सरहद्दीवर बंदुका आल्या, मग तर सरहद्दच बंद झाली. पलीकडे चिठ्ठी जाईना, मग माणूस कसला जातो! मुंबईत दुसरं लायसन काढायला शेठची चिठ्ठी लागत होती. शेठनं विचारलं, पहिलं कुठंय? हरवलं म्हणून सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण दादानं खरं ते सांगितलं. शेठ म्हणाला, भाड्याची गाडी जागच्या जागी फोडून आलेला ड्रायव्हर मला नको. दादा गावी परतला आणि सावंतवाडीच्या एका लॉरीवर क्लीनर म्हणून राहिला. चांगल्या चांगल्या गाड्या हाकलेला माझा भाऊ पोरसवदा ड्रायव्हरच्या शेजारी बसून टायरात हवा भरत होता. आईला त्यानंतर कधीच मोटारीत बसायला मिळालं नाही. गोवा आपला झाला तेव्हा ती उरली नव्हती.

सरहद्द उघडल्यावर मीच दादाच्या मागं लागून त्याला म्हापशाला नेलं. दुकान तेच, कारकूनही तोच, फक्त केस पिकलेले. त्यानं लगेच ओळखलं. खण उघडला, लायसन काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. आणि मान हलवत मला म्हणाला, "तुज्या भावाक त्या दिसा हांवें सांगिल्लें. तुमी दोगां नाल्ल हाडूंक गेल्लीं तेन्ना. व्हडल्या कागदाचेर फकत सय कर, पयशे परत येतना दी. तो ना म्हणालो."

म्हणजे मी आणि काका नारळ आणायला गेलो होतो तेव्हा! मी दादाकडे पाहिलं. तो लायसनवरच्या आपल्या जुन्या फोटोकडे बघत होता.

परतीच्या तरीत मी त्याला विचारलं, "सही कित्याक नाय केलंस?"

"काका नारळ घेवन येतले हुते," तो म्हणाला. "माज्या हातात कागद बघून तेंका काय वाटला असता?"

"आणि आवशीक काय वाटला ता?"

त्यानं लायसन रुमालात गुंडाळून खिशात घातलं. माझं डोकं भणभणलं. एक सही! पैसेसुद्धा नंतर द्यायचे होते. काका तिथं नव्हतेच, कुणी त्याचा हात धरला नव्हता. पायात नुसती स्लीपर घालून बाहेर पडावं इतकी ती सोपी गोष्ट होती, आणि ती त्यानं काकांच्या मनाला लागेल म्हणून केली नाही. काकांचा हट्ट मी आजही माफ करत नाही. पण इतकी वर्षं सगळा राग मी एकट्या त्यांच्यावरच काढला होता.

काकांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेवटचे तीन महिने ते अंथरुणावर होते, हात थरथरायचे, आणि त्यांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी भांडं त्यांच्या हातात कधी दिलं नाही. उशाशी ठेवायची आणि बाहेर निघून यायची. अर्धं पाणी ते अंगावर सांडायचे, ते मला ओटीवर ऐकू यायचं. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.