गाडी मीच पळवत होतो

आमच्या घरी बाबांच्या गाडी चालवण्याचं फार कौतुक होतं. वर्ध्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं आणि राहायला आम्ही नालवाडीत. नव्वदच्या दशकात त्यांनी पांढरी व्हॅन घेतली आणि मालाच्या निमित्तानं नागपूरच्या खेपा वाढल्या. "बस सेलूले पोचते तवा मी बुटीबोरीच्या पुढं असतो," असं ते पाहुण्यांना सांगायचे. आई रागवायची, पण तिच्या रागातही थोडा अभिमान असायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते. नागपूरला माझी एक तोंडी परीक्षा होती आणि त्या सकाळी आम्हाला निघायला उशीर झाला. पवनार मागे पडल्यावर एक ट्रक पुढं आला. त्याच्या मागं राहणं बाबांना जमेना. काटा ऐंशीच्या पुढं गेला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, हळू."

"उशीर होऊन राह्यला ना तुले," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी उजवीकडे काढली.

समोरून एक माणूस सायकलवर येत होता. रस्त्याच्या अगदी कडेनं, त्याच्या बाजूनं. बाबांनी ब्रेक मारला, पण गाडी थांबेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. सायकलच्या मागं बांधलेला कापडाचा गठ्ठा सुटून निळं कापड डांबरावर लांबपर्यंत उलगडलं होतं.

ट्रक पुढं निघून गेला. आम्हालाही जाता आलं असतं. बाबांनी त्या माणसाला उचललं, मागच्या सीटवर ठेवलं आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. रस्त्यातच त्याचा श्वास थांबला. मला ते कळलं होतं, पण बाबांना सांगण्याचं धैर्य झालं नाही. ते आरशातून सारखे विचारत होते, "हाय ना? हाय ना अजून?"

तो पवनारचा शिंपी होता. शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन सेलूहून परतत होता.

दवाखान्यातून बाबा स्वतः पोलीस ठाण्यात गेले. गुन्हा दाखल झाला: भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत होणे. गुन्हा जामीनपात्र होता म्हणून ते संध्याकाळी घरी आले, पण लायसन्स आणि गाडी ठाण्यातच राहिली. काका वाट पाहत बसले होते. ते म्हणाले, "दादा, अजून वेळ गेली नाई. आपल्या दुकानाच्या टेम्पोवाल्याले उभं करू. गाडी तो चालवत होता मनून सांगू. तो ड्रायव्हरच हाय, त्याले का फरक पडते?"

"त्याले काऊन फरक नाई पडत?" बाबांनी विचारलं. तो विषय तिथंच संपला.

पुढं वकील आले. अनुभवी माणूस होता, समजावून सांगायचा. "तुम्ही पळाला नाहीत, जखमीला दवाखान्यात नेलं, स्वतः ठाण्यात गेलात. हे सगळं आपल्या बाजूचं. आता गुन्हा कबूल करायचा नाही. गाडी भरधाव होती हे पोलिसांना सिद्ध करावं लागेल, आणि काटा पाहणारी एकच आहे. तुमची मुलगी. ती आपली."

कोर्टात गुन्हा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे "कबूल नाही" म्हटलं. मग तारखा सुरू झाल्या. कधी साक्षीदार येत नसे, कधी साहेब रजेवर असत. वर्षं गेली. माझं कॉलेज संपलं. बाबांचं दुकानात लक्ष लागेना, काकाच गल्ल्यावर बसू लागले. मला पाहायला येणारे लोक चहा पिता पिता केसचं विचारायचे.

गाडीची तपासणी करणाऱ्या निरीक्षकानं साक्ष दिली की ब्रेक चांगले होते. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "ब्रेक खराब असते तर बरं झालं असतं." आईनं ताट तसंच उचलून नेलं.

शिंप्याची बायको प्रत्येक तारखेला यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. आमच्याकडे पाहायची नाही. ती साक्षीला उभी राहिली तेव्हा आमच्या वकिलांनी विचारलं, "तुमचे पती दारू पीत होते, हे खरं आहे?"

"नाई."

"त्या दिवशी प्यायलेले होते आणि सायकल अचानक रस्त्याच्या मधात घातली, असं मी म्हणतो."

"तुमी का तिथं होते?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गावातबी लोक असंच म्हनतात. सायकलवालाच मधात आला म्हनतात. ते पान बी खात नोहोते."

मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

पुढच्या तारखेला बचावाची साक्षीदार म्हणून मला उभं राहायचं होतं. आदल्या संध्याकाळी वकिलांनी मला ऑफिसात बोलावलं. "गाडी हळू होती, सायकल एकदम आली. एवढंच. जास्त बोलायचं नाही." बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पोरगी खोटं बोलणार नाई."

"खोटं कोण म्हणतं? तिला आठवतं तेवढं—"

"तिले सगळं आठवते. तिनं मले हळू म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी माझं नाव पुकारण्याआधीच बाबा उभे राहिले आणि गुन्हा कबूल आहे म्हणाले. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "कोणी दबाव आणला आहे का? कबुली दिलीत तर कैद होऊ शकते, हे वकिलांनी सांगितलंय?"

"सांगितलं साहेब. गाडी मीच पळवत होतो. त्याची काही चूक नव्हती. तो त्याच्या बाजूनं येत होता."

आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

सहा महिन्यांची कैद झाली, आणि लायसन्सही रद्द झालं. वकिलांनी अपिलाचं सुचवलं. निदान शिक्षा कमी करून मागता येईल, म्हणाले. बाबांनी नको म्हटलं. त्याबद्दल आईनं त्यांना कधी माफ केलं नाही. "बायको-पोरीचा इचार नाई केला तुमी," एवढंच ती म्हणाली आणि जेलमध्ये भेटायला एकदाही आली नाही. मी जायचे. बाबा दरवेळी विचारायचे, "ते बाई काही बोलली का?" मी नाही म्हणायचे, कारण शिंप्याच्या बायकोकडून खरंच काही कानावर आलं नव्हतं.

सुटून आल्यावर काही दिवसांनी ते पवनारला निघाले. मी सोबत गेले, बसनं. शिंप्याच्या ओसरीवर मशीन होतं, झाकलेलं. त्याची बायको बाहेर आली. तिनं बसायला सांगितलं नाही. बाबांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

शेवटी तीच बोलली. "तुमी कोर्टात खरं सांगितलं. आता गावात कोनी त्याइले दारुड्या म्हनत नाई. तेवढं बरं झालं. पन माह्या घरी नका येऊ आता. तुमाले पाह्यलं का मले ते कापड दिसते."

बाबा म्हणाले, "बरं."

आम्ही फाट्यावर येऊन उभे राहिलो. ऊन चढलं होतं. भरलेल्या बस न थांबता जात होत्या. गाड्या जवळून गेल्या की बाबा माझा दंड धरून मला मागं ओढायचे. मी तेव्हा चांगली मोठी बाई होते, तरीही.