खोट्या प्रश्नातला चिंचोका

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... प्रत्येकाखाली माझं एकच टुमणं — "पुरावा?" त्यापायी अ‍ॅडमिनची बोलणीही खाल्ली आहेत. आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर काही जणांना गुदगुल्या होतील. होऊ द्या. भूतबीत काही नाही यात. एक क्विझ आहे, केसाच्या तेलाची एक जुनी जाहिरात आहे आणि घोटीचे एक आजोबा आहेत.

आधी माझा उद्योग सांगते. नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत कॅफे आहे. त्याच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी मी क्विझ घेते. स्पर्धा परीक्षांचं जी.के. नाही... कशाचा कशाशी संबंध आहे, ते. म्हणजे बघा, उपवासाचं ताट घ्या. ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणे, मिरची — चौघेही मूळचे समुद्रापलीकडचे, अमेरिका खंडातले. काही शतकांपूर्वी आपल्याकडे एकादशीला यातलं काहीच नव्हतं. हे सांगितलं की एखाद्या काकू हमखास चिडतात. मला ते मनापासून आवडतं.

तर अशा प्रश्नांची चोरी फार होते. मी आठवडाभर डोकं फोडून सेट काढायचा आणि सोमवारी तो कुणाच्या तरी पेजवर, त्याच्या नावानं! यावर क्विझवाल्यांचा एक जुना उपाय आहे. नकाशे काढणारे म्हणे मुद्दाम एखादी नसलेली गल्ली नकाशात घालायचे. ती दुसऱ्याच्या नकाशात सापडली की चोर सापडला. तसा मी प्रत्येक सेटमध्ये एक प्रश्न स्वतःच्या मनानं रचून टाकते. गच्चीवर तो विचारत नाही, फक्त आमच्या क्विझच्या ग्रुपवर चित्रांचा जो सेट जातो त्यात असतो.

दिवाळीआधीच्या एका आठवड्यातला खोटा प्रश्न मी स्वयंपाकघरात बसून रचला. रेडिओवर पूर्वी केसाच्या तेलाची एक जाहिरात लागायची. तिच्या शेवटी एक लांबलचक शिट्टी असायची, वर चढत जाणारी. कंपनी कधीच बंद पडली, पण पन्नाशीपुढच्या कुणालाही ती शिट्टी आठवते. मी लिहिलं की ही शिट्टी कुठल्या कलाकाराची नाहीच. ठरलेला शिट्टीवाला आला नाही, तेव्हा स्टुडिओशेजारच्या खानावळीत तांदळाची पोती टाकायला आलेल्या घोटीच्या एका हमालाला आत बोलावलं, आणि त्यानं गालात चिंचोका धरून ती वाजवली.

हे कुठून आलं, तेही सांगते, कारण मी अशी बाई आहे. घोटी आली कारण समोर घोटीच्या तांदळाचं पोतं होतं. चिंचोका आला कारण मी चिंच साफ करत होते. आणखी एक वाक्य होतं — त्याच्या वहाणा करकर वाजत होत्या म्हणून त्या काढायला लावून त्याला गोणपाटावर उभं केलं. हे सुचलं कारण वरच्या मजल्यावरचे जोशीकाका नव्या कोल्हापुरी घालून जिना उतरत होते. पण प्रश्न लांबला, म्हणून ते वाक्य मी फोनवर टाईप करता करताच खोडलं. कुणालाही दाखवलं नाही की बोलले नाही.

प्रश्न चोरला गेलाच. एका मोठ्या पेजनं सगळा सेट, चित्राच्या कोपऱ्यातलं कॅफेचं नावही न पुसता, जसाच्या तसा उचलला आणि शिट्टीची गोष्ट तेवढी वेगळी पोस्ट केली. बघता बघता तिचा फॉरवर्ड झाला. "आपल्या मातीतला अनाम कलावंत" वगैरे मथळा, खाली हात जोडलेले इमोजी. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी पोस्ट लिहून ठेवली — हे सगळं मी रचलेलं आहे, हा घ्या चोर. स्क्रीनशॉट जोडले. रविवारच्या क्विझनंतर टाकायची आणि चहा पीत गंमत बघायची, असा बेत होता.

त्या रविवारी गच्चीवर मी माईक लावत होते, तर कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई. साठीच्या आसपासच्या, काठापदराची साडी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. आमच्या गर्दीतल्या वाटेनात. मी विचारलं, कुणाची वाट बघताय का?

"तुमचीच," त्या म्हणाल्या. "शिट्टीचं तुम्हीच लिहिलंय ना? पोरीनं शोधून काढलं, चित्राच्या कोपऱ्यात ह्या हाटेलाचं नाव व्हतं. मी मंदा. घोटीहून आले. तुम्हाला चिंचोक्याचं कोणी सांगितलं, बाई?"

मी म्हटलं, का हो?

"अहो, ती शिट्टी माझ्या वडलांची हाय."

आता मला काय वाटलं असेल? मला वाटलं, फिरकी. आमच्यातल्याच कुणीतरी बाई पाठवली. मी हसून सरळ सांगून टाकलं, "ताई, ती गोष्ट खोटी आहे. मी बनवलीय."

त्याही हसल्या. म्हणजे समजूतदारपणे, एखादं लहान मूल बोललं की हसतात तसं. "बनवलेली कशी असंल? अण्णा जन्मभर सांगत आले, ती शिट्टी माझी हाय म्हणून. पण चिंचोका आम्हालाही म्हाईत नव्हता. मी मोबाइलवरचं वाचून दाखवलं, तर चिंचोक्यापाशी आल्यावर अण्णांनी माझा हात धरला. म्हणाले, हे कोणी सांगितलं? मी तर कुणालाच बोललो नाय."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. अण्णा तरुणपणी तांदळाच्या गिरणीत हमाल होते, ट्रकबरोबर मुंबईला जायचे. शिट्टीची गोष्ट गावात कुणी मानली नाही. "रेडिओ आला, रेडिओ आला" म्हणून चिडवायचे. थोरल्या मुलानं, रंगनाथनं, लहानपणी शाळेत ऐटीत सांगितलं, तर गुरुजींनी त्याला बाकावर उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं. ते त्याच्या मनात असं बसलं की मोठेपणी, स्वतःच्या लग्नात, पाहुण्यांसमोर तो वडलांना म्हणाला — आता तरी ती थाप मारू नका. अण्णांनी त्यानंतर शिट्टीचं नाव काढलं नाही. मुलाशी बोलणं चालू राहिलं, पण जेवायला या, औषध घ्या, इतपतच.

"आता अण्णांचं काय खरं नाय," मंदाताई म्हणाल्या. "अन्न कमी झालंय. फॉरवर्ड दाखवला तर दादा म्हणतो, तूच कुणाला तरी सांगून लिहवून घेतलं. तुम्ही फक्त त्याच्यासमोर येऊन सांगा, कुठनं कळलं ते. त्यानं एकदा म्हणावं, अण्णा, तुमचं खरं होतं. बास."

त्या रविवारी मी पोस्ट टाकली नाही. दयेमुळे नाही, उगाच मोठेपणा नको. कुणी मला बनवत असेल तर ते आधी पकडायचं होतं. आणि पकडायला माझ्याकडे ते खोडलेलं वाक्य होतंच.

दिवाळी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढून घोटीला गेले. भात निघालं होतं, खळ्यांवर झोडणी चालू होती, सगळीकडे पेंढ्याचा वास. बाजारपेठेच्या मागे घर. बाहेरच्या खोलीत कॉटवर अण्णा — अगदी वाळलेले, पण डोळे टकटकीत. रंगनाथराव म्हणजे निवृत्त मास्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नमस्कार झाल्या झाल्या म्हणाले, "मॅडम, स्पष्ट विचारतो. तुमचा सोर्स काय?"

खरं सांगू, मला माणूस एकदम आवडला. त्या घरात माझ्या पठडीतला तेवढा एकच होता.

मी म्हटलं, आधी मला अण्णांना एक विचारू द्या. कॉटशेजारी बसले आणि मुद्दाम चुकीचं सुचवलं. "अण्णा, शिट्टी वाजवताना तुम्हाला लाकडी स्टुलावर उभं केलं होतं ना?"

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ष्टूल? नाय वो बाई. ष्टूल कुठलं आलं. गोणपाट व्हतं, माझ्याच पोत्याचं. वहाणा करकरायच्या नव्हं का... तर सायेब म्हणला, काढ त्या. मग खाली गोणपाट टाकलं."

मंदाताई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी भांडं न मागता तांब्याच तोंडाला लावला. मी भ्याले होते. इतरांच्या अनुभवांना इतकी वर्षं हसले, पण त्या वेळी भरदिवसा, रस्त्यावर टेम्पोचे हॉर्न वाजत असताना, मला त्या कॉटशेजारून उठून पळून जावंसं वाटलं.

"चिंचोका कशाला धरला होता?" मी कसंबसं विचारलं. हे खरंच मला माहीत नव्हतं. मी रचलं तेव्हा चिंचोक्याला काही कारणच नव्हतं.

अण्णा लाजले. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस लाजला! म्हणाले, "सुळ्यामागचा दात पडला व्हता, पोतं उतरवताना. फटीतून वारं जायाचं. चिंचोका गालातून जिभेनं फटीला लावला की बंद. लगीन व्हायचं व्हतं ना तवा... दाताचं कुणाला सांगणार? मंग राहूनच गेलं."

रंगनाथरावांचं माझ्याकडे लक्ष होतं. मास्तरच ते, चेहरा वाचतात. "मॅडम, गोणपाटाचं तुमच्या प्रश्नात नव्हतं."

"नव्हतं."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"कुठून?"

फोन माझ्या हातात होता आणि त्यात ती पोस्ट तयार होती. मी रचलं म्हणावं, तर सगळं संपलं. ते उठून आत गेले असते आणि अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं असतं. दुसरं काही सांगावं, तर ती थाप. आणि मी रचलं हेही आता मला खरं वाटेना, ही खरी पंचाईत. रचलेल्या माणसाला पडलेला दात कसा असेल?

"अण्णांनीच सांगितलं," मी म्हणाले.

"कधी?"

"ते मला सांगता येत नाही."

हे खोटं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना पक्कं माहीत होतं की आम्ही आयुष्यात पहिल्यांदा भेटतोय. पण ते काही बोलले नाहीत.

मग रंगनाथरावांनी खुर्ची ओढली, कॉटला अगदी चिकटवून बसले, आणि खाली बघत विचारलं, "अण्णा... तो खरा वाजवणारा का नव्हता आला?"

"त्याचा व्हट सुजला व्हता," अण्णा लगेच म्हणाले. जणू कालच कुणी विचारलं होतं. "आन् लय घाबरलो व्हतो मी. पयल्यांदा नुसतं वारंच निघालं. सायेब म्हणला, घरी गाय वळताना वाजवतोस तशी वाजव. मी म्हणलं, आमच्या घरी गाय नाय..."

रंगनाथराव हसले. मंदाताई पदराआड रडायला लागल्या. अण्णा सांगतच राहिले — जाहिरात पहिल्यांदा ऐकली ती न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला साबण असताना. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, परत वाजवा बघू. "ती बोलली नाय कधी, खोटं हाय म्हणून," अण्णा म्हणाले. यातलं काहीही मी रचलेलं नव्हतं. रंगनाथराव मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. मी चहा घेऊन निघाले तेव्हाही गोष्ट चालूच होती. पोस्ट मी गाडीत बसून काढून टाकली.

आता तुमचे प्रश्न मला पाठ आहेत, कारण ते माझेच आहेत. लहानपणी कुठेतरी ऐकलं असेल, विसरले असेन? मीही तेच म्हणाले. पण चिंचोका आणि पडलेला दात त्या माणसानं बायकोलाही सांगितला नव्हता, मग ऐकणार कुणाकडून? आमचं माहेर देवळा तालुक्यातलं, घोटीशी संबंध मुंबईला जाताना दिसणाऱ्या पाटीपुरता. माझ्या फोनमध्ये कुणी डोकावलं? समजा, डोकावलं, पण खोडलेलं वाक्य कॉटवरच्या अण्णांपर्यंत न्यायचं कुणी आणि कशासाठी? योगायोग म्हणावा तर घोटी, पोती आणि चिंचोका इथवर मी ओढूनताणून मानीन. करकरत्या वहाणा नाही मानता येत. सध्या खोटे प्रश्न घालणं बंद आहे. चोरायचं त्यानं खुशाल चोरावं.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी नेहमीच्या तिरसट आवाजात विचारलं, कोण बोलतंय?

पलीकडून म्हणाले, "मॅडम, घोटीहून बोलतोय. शिट्टीवाल्यांचा मुलगा. अण्णा गेले हो."