आबांच्या इंग्रजी इमारती

इमारती एकमेकींशेजारी उभ्या करून त्यांची तुलना करण्यात आमच्या समोरच्या आबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि तीही इंग्रजीत. फौजेतून हवालदार होऊन आलेले आबा अडुसष्टाव्या वर्षी वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले, कारण कॅनडात वाढणाऱ्या नातीला मराठी वाचता येत नव्हतं. मी विट्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. "बाई, पोरीला गाव दाखवायचंय. लिवायला शिकवा," म्हणाले. बिग-बिगर, टॉल-टॉलर एवढा धडा झाला आणि त्यांनी पुढं शिकायचंच नाकारलं. गाव दाखवायला तेवढं लय झालं म्हणे. मग दर रविवारी पानावर एकेक इमारत उतरायची आणि मी त्या पानाचा फोटो नातीला पाठवायची. पाण्याची टाकी देवळापेक्षा उंच, सोसायटी शाळेपेक्षा जुनी. ब्युटिफुलला मागं 'अर' लागत नाही, पुढं 'मोअर' येतं, हे ऐकल्यावर मात्र ते विचारात पडले. "येवढा लांबडा शब्द, आन् शेपूट झेपत न्हाई व्हय त्याला?"

एकदा त्यांनी लिहिलं की ग्रामपंचायत सरपंचांच्या गोठ्यापेक्षा लहान आहे, आणि ते पारावर अर्थासकट वाचून दाखवलं. सरपंच तणतणत आले. आबांनी टेप काढला, त्यांनाच एक टोक धरायला लावलं आणि दोन्ही इमारती मोजल्या. गोठा सव्वातीन फूट जास्त भरला. सरपंच टेपचं टोक सोडत हळूच म्हणाले, "आवं आबा, गोठा कुणाचा त्ये बी लिवा की मग."

गेल्या वर्षी आक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, सांगलीच्या दवाखान्यात वारल्या. दोन महिने आबा फिरकले नाहीत. नंतर एका रविवारी आले ते एकच ओळ लिहून: आवर हाऊस इज बिगर नाऊ.

मी शिक्षकी सवयीनं म्हटलं, "आबा, खोली वाढवलीत का? घर आहे तेवढंच आहे की."

"न्हाई बाई, मोठं झालंय. चहा ठेव म्हणून हाक मारली की चारी खोल्या फिरून माघारी येती."

"पण कशापेक्षा मोठं, ते लिहायला हवं."

"ती हुती तवापरीस." ते वहीकडं बघत राहिले. "पर त्ये पोरीला कशाला लिवायचं?"

ओळीच्या शेवटी पूर्णविराम राहिला होता. तेवढा मी दिला आणि फोटो काढला.