गजाकाकांनी धरलेला अंगठा

आमच्या घरातल्या पुरुषांचा उजव्या पायाचा अंगठा गजाकाकांचं भूत धरत असे.

गजाकाका म्हणजे आप्पांचे (माझ्या वडिलांचे) थोरले भाऊ. माझ्या जन्माआधीच ते चौपाटीवर बुडाले, असं आजोबांनी घरी येऊन सांगितलं आणि त्याच आठवड्यात आजोबांचा अंगठा वांग्याएवढा सुजला! पुढे चाळिशीत आप्पांचा. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात त्यावर एकच औषध होतं : काकांचं श्राद्ध न चुकवणं. मी शिकलेला, कचेरीत नोकरी करणारा, हसायचो.

बेचाळिसाव्या वर्षी हसणं थांबलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. भरदुपारी कचेरीतून घरी निघालो, तर पुढे दगडफेक चालल्यामुळे ट्रॅम परळलाच थांबली. उतरून चालू लागलो. रस्ता ओस, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. भोईवाड्याच्या वळणावर कोणीतरी माझा अंगठा धरला आणि पिरगाळला! खाली पाहिलं. कोणी नाही. समोर एका दवाखान्याचं दार तेवढं अर्धं उघडं होतं. लंगडत आत शिरलो.

"नाव?" कंपाउंडरने खिडकीतून मान वर न करता विचारलं.

"तळपदे."

"बाटली फुटली काय हो? आत्ताच तर घेऊन गेलात!"

"मी पहिल्यांदाच येतोय."

"काय राव! हाच पाय, हाच अंगठा, हेच नाक..." त्याने चष्मा लावला आणि स्टुलासकट मागे सरकला. "अहो, पण मघाशी केस पांढरे होते!"

टेबलावरचा कागद मी उलटाच वाचला : गजानन तळपदे.

"हे... हे तर वारलेत," मी म्हणालो.

"मघाशी चालत गेले," कंपाउंडर कुजबुजला. (आता आम्ही दोघेही एकाच भिंतीला टेकलो होतो.)

डॉक्टरांनी मला आत ओढून बसवलं. भुताची हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "काल काय जेवलात?"

"कलेजी. आणि कोलंबी."

"हे युरिक अॅसिड आहे. रक्तात साठतं, त्याचे खडे सांध्यात टोचतात. कलेजी, मटण, कोलंबीने ते वाढतं, तेव्हा हे सगळं बंद. काही घराण्यांत ते बाहेर टाकायची ताकदच जन्मतः कमी असते. सगळ्यांना होत नाही. तुमचा सख्खा भाऊ सुटेल आणि तुम्ही सापडाल. पण मघाचे तळपदे तुमच्या रक्ताचे आहेत, एवढं नक्की. मागच्याच चाळीत राहतात."

चाळीचा जिना मी कसा चढलो ते माझं मला ठाऊक. दार उघडलं आणि समोर आप्पा! तेच डोळे, तेच नाक, फक्त केस जास्त पांढरे आणि पायाला फडकं. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं.

"बाळ्याचा का रे तू?"

बाळ्या म्हणजे आप्पा. मी मान हलवली.

बुडालं कोणीच नव्हतं. काकांनी गिरणीतल्या एका मुलीशी लग्न केलं, म्हणून आजोबांनी त्यांना बुडवून टाकलं होतं. "आपलंच श्राद्ध होतंय म्हटल्यावर घरी कुठल्या तोंडाने यायचं?" काका म्हणाले. काकूंनी मला पाय टेकायला उशी दिली.

रात्री तिथेच राहिलो आणि दुसऱ्या सकाळी दोघांना घेऊन घरी गेलो. आप्पांना आधी सांगून ठेवावं, एवढी अक्कल मला सुचली नाही. काकांना दारात पाहून आई किंचाळली. आप्पा खाटेवर होते. त्यांचाही अंगठा सुजला होता. त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि हात जोडले.

"दादा, एकही वर्ष श्राद्ध चुकवलं नाही रे! पाय सोड माझा!"

"मी कशाला धरू? माझाच कोणीतरी धरलाय!" काका म्हणाले आणि फडकं दाखवलं.

आप्पांनी आधी ते फडकं चाचपलं, मग भावाचा हात. आणि लहान मुलासारखे रडले. आईने डोळे पुसत काकूंना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

दुपारी मटण आणि कोलंबीचं भुजणं झालं. युरिक अॅसिड म्हणजे काय, ते पंगतीत मी सगळ्यांना सविस्तर समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तीन खाटांवर, तीन अंगठे वर करून! डॉक्टरांना बोलवावं लागलं.

"पथ्य कोणी सांगितलं नव्हतं?" ते ओरडले.

"सांगितलं ना, यानेच," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "पण याच्या तोंडात कोलंबी होती, नीट कळलं नाही."