अक्का भलत्याच जागी हसली

रेडिओवर दुपारी जी कौटुंबिक मालिका लागायची, ती लिहिणाऱ्या बाईंना केंद्रावर सगळे ‘लेखिकाबाई’ म्हणत. घरी मात्र त्या नुसत्या धाकटी होत्या. हाक मारणारी एकच उरली होती, थोरली बहीण, अक्का. अक्काचा नवरा लवकर गेला. धाकटीचं लग्न जमता जमता राहिलं आणि मग ते जमवण्याचाच सगळ्यांना कंटाळा आला. दोघी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. अक्का शाळांचे गणवेश शिवायची आणि धाकटी माणसं भांडवायची, रडवायची, पुन्हा एकत्र आणायची. दोघींचंही काम बसून, आणि दोघींच्याही कमरेची वाट लागलेली.

लिहिलेला भाग संध्याकाळी अक्काला वाचून दाखवल्याशिवाय धाकटीने कधी केंद्रावर दिला नव्हता. अक्का मशीनवर पाय हलवत ऐकायची. रंगत चढली की तिचा पाय आपोआप थांबायचा. कुठे पाय थांबला, कुठे हसू आलं, यावरून धाकटी काय ठेवायचं आणि काय उडवायचं ते ठरवायची. निर्मातेसाहेबांचं मत ती ऐकून घ्यायची, विश्वास मात्र अक्कावर.

त्या संध्याकाळी तिने म्हाताऱ्या माळ्याच्या मरणाचा प्रसंग वाचायला घेतला. मालिकेतला हा माळी श्रोत्यांचा लाडका होता. प्रसंग लिहिताना तिने जीव ओतला होता, आणि शेवटचं वाक्य तर असं काही जमून आलं होतं की ते वाचताना तिचाच आवाज भरून आला.

आणि अक्का खळखळून हसली.

“अक्का, तो मेला गं!”

“हो ना, मेला कसला वात्रट आहे!” अक्का डोळे पुसत म्हणाली.

धाकटीच्या हातातले कागद तसेच राहिले. ती उठली, अक्काच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “अक्का, घराला आग लागलीय.” अक्काने शांतपणे दोरा दाताने तोडला आणि पुढचा गणवेश ओढला.

दुसऱ्या दिवशी ती अक्काला जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही कान बरेच गेले होते, आणि ते काही काल-परवा गेलेले नव्हते. डॉक्टरांनी यंत्र दिलं. अक्काने ते तासभर लावलं, “डोक्यात कुणी भांडी घासतंय” म्हणाली आणि खणात टाकून दिलं.

“मग इतके महिने हसत कशी होतीस?” धाकटीने तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

“तुझ्या तोंडाकडे बघून. तू खुलायचीस तिथे मी हसायचे. परवाही खुललीच होतीस की.”

खोटं काय होतं त्यात? म्हातारा मरत होता आणि धाकटी आपल्याच वाक्यावर खूश होती.

त्या दिवसापासून लिहिणं बंद पडलं. ती टेबलाशी बसायची, एक वाक्य लिहायची, आणि ते बरं उतरलंय असं वाटलं की लगेच ते हसू कानात वाजायचं. मग काट. दुसरं लिहायचं, तेही काट. दुपारपर्यंत कागदावर नांगर फिरवल्यासारख्या रेघा आणि डोक्यात नुसती धूळ. शिवाय मागचं सगळं लिखाणही आता संशयात आलं होतं. कुठलं हसू खरं होतं आणि कुठलं तिची समजूत काढायला?

केंद्रावर सल्ल्यांना तोटा नव्हता. बातम्या वाचणारे गृहस्थ म्हणाले, फिरायला जा. ती गेली. सुचलं काही नाही, टाचा तेवढ्या दुखायला लागल्या. टंकलेखन करणारी मुलगी म्हणाली, जागा बदलून बघा. तिने टेबल खिडकीशी सरकवलं, तर समोरच्या बाईला वाटलं ही आपल्यावर पाळत ठेवतेय. त्या बाईने पडदा लावून घेतला. निर्मातेसाहेब मात्र समजूतदारपणे म्हणाले, “बाई, घाई नाही. जुने भाग लावू.” जुने भाग लागले. धाकटी श्रोत्यांच्या तक्रारींची वाट बघत बसली. एकही आली नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरातही बोलणं आटलं होतं. कानाशी ओरडायचं म्हणजे कष्ट, आणि ओरडून सांगण्यासारखं होतंच काय? ‘मीठ दे’, ‘दार लाव’, एवढ्यावर दिवस ढकलले जात होते. थकवा असा की झोपून उठलं तरी उतरत नव्हता.

एका सुट्टीच्या दुपारी अक्का गणवेशांना बटणं लावता लावता म्हणाली, “त्या माळ्याचं पुढे काय झालं गं?”

“मेला तो!”

“कोण मेला?”

“माळी! माळी मेला, अक्का!”

अक्काच्या हातातली सुई थांबली. “अगंबाई! आणि मला कुणी सांगितलं नाही?”

आता हिला काय सांगायचं! धाकटीला हसूही आलं आणि रडूही. ती खुर्ची ओढून तिच्या कानाशी बसली. “सांगते. पण कुठपासून? तुला शेवटचं काय ऐकू आलं होतं?”

“सून माहेरी निघून गेली ते.”

म्हणजे वर्ष होऊन गेलं होतं. धाकटीने कपाळाला हात लावला आणि सुरुवात केली. ओरडून सांगायचं तर वाक्य लांबवता येत नाही, दम पुरत नाही. ‘अंतरीची व्याकुळता’ असलं काही तर ओरडताच येत नाही. ओरडून बघितलं तर खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. मग ती नुसतं काय झालं तेवढं सांगत गेली. “सून परत आली! सासूने दार उघडलं नाही! माळ्याने मागच्या दाराने आत घेतलं!”

“बरं केलंन. मग?”

“मग सासूने त्याला कामावरून काढलं! तरी तो रोज यायचा! झाडांना पाणी घालायचा, जायचा!”

“पगाराशिवाय?”

“पगाराशिवाय! एक दिवस आला नाही! सासू चिडली, आज झाडं कोरडी का म्हणून! कुणालाच माहीत नव्हतं, तो राहतो कुठे!”

धाकटी बोलता बोलता थांबली. हे शेवटचं तिने लिहिलेलं नव्हतं. लिहिलेल्या, पण केंद्रावर न दिलेल्या प्रसंगात माळी सगळ्यांच्या देखत, बागेत, फुलांखाली, लांबलचक बोलून मेला होता. हे तोंडातून आपोआप निघालं होतं, घसा फोडताना, सजवायला सवड नसताना.

अक्का हसली नाही. रडलीही नाही. सुई पुन्हा बटणात घालत म्हणाली, “मेली सासू गेली का मग शोधायला?”

“माहीत नाही गं अजून.”

“मग बघ की.”

धाकटी टेबलाशी गेली आणि बसली. फार काही आनंद वगैरे झाला नाही. घसा दुखत होता, डोळे चुरचुरत होते. पण सासू माळ्याची खोली शोधायला निघाली, गल्ली चुकली, एका न्हाव्याला पत्ता विचारला, आणि संध्याकाळपर्यंत भाग पुरा झाला.

नवा भाग लागल्यावर निर्मातेसाहेब म्हणाले, “बाई, भाषा जरा कोरडी झालीय तुमची.”

“हो, साहेब. ओरडून सांगता येईल एवढीच ठेवलीय.” त्यांना त्यातलं काही कळलं नाही, ते पुढच्या कामाला लागले.

मालिका त्यानंतरही बरीच चालली आणि मग सगळ्या मालिका बंद होतात तशी बंद झाली. लिहिणं पूर्वीसारखं सुखाचं कधीच राहिलं नाही. बसलं की यायचं, एवढंच. काही दिवस तेही यायचं नाही. तेव्हा अक्का विचारायची, “आज काय झालं त्यांच्यात?” आणि धाकटी तिच्या कानाशी वाकून म्हणायची, “आज काही नाही! घसा बसलाय!”

“घसा बसलाय की सुचलं नाही?”

“नाही सुचलं!”

“बरं, राहू दे मग. चहा टाक.”