पाचव्या भागाचा शेवट

रामकुंडावर दशक्रियेचे विधी करणाऱ्या उपेंद्र गायधनींना भुताखेतांची भीती वाटत नसे. त्यात शौर्य काही नव्हतं. ज्याचा रोजचा व्यवहारच गेलेल्या माणसांशी, तो घाबरून जाणार कुठे? भुताच्या संगीतावर मात्र त्यांचा भारी जीव होता, तोही एकाच मालिकेच्या.

ते दहावीत असताना टीव्हीवर ‘मागच्या दाराशी’ नावाची पाच भागांची भयमालिका लागली होती. गोष्ट यथातथाच. भूत म्हणजे पांढरी चादर पांघरलेली बाई, आणि त्या चादरीवरची धोब्याची खूण सगळ्या महाराष्ट्राला दिसायची. पण संगीत! ते सुरू झालं की उपेंद्रच्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला म्हणून पोरगं खूश व्हायचं.

त्या संगीताची कॅसेट कधी निघाली नाही, सीडी नाही, आता इंटरनेटवरही मागमूस नाही. होतं ते एवढंच: टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून उपेंद्रनी केलेलं रेकॉर्डिंग. त्यात दुसऱ्या भागातल्या खुनावर कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, आणि चौथ्या भागात आईचा आवाज: “उप्या, गॅस बंद कर!” हे सगळं त्यांना इतकं पाठ झालं होतं की शिट्ट्यांशिवाय खून त्यांना अळणी वाटला असता.

दुःख एकच होतं. पाचव्या भागात बाई मागच्या दाराशी येते, संगीत चढत जातं, आणि नेमकी लाईट गेली. भूत पुढे काय करतं ते नाशिक रोडच्या मावसभावाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. संगीत कोण सांगणार?

‘संगीत: शशिरंजन’ एवढं एक नाव पाटीवर यायचं. त्या नावाच्या माणसाला उपेंद्रनी तीस वर्षं शोधलं. पत्रं लिहिली, मुंबईला दोन खेपा घातल्या. मोबाईल आल्यावर सगळं रेकॉर्डिंग त्यात उतरवून घेतलं आणि एक तुकडा रिंगटोन केला. त्यात कोणीतरी जड श्वास घेतंय असा आवाज होता, आणि ते एक परदेशी वाद्य आहे असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांची बायको मालिनी म्हणे, “नवऱ्याला गाण्याची आवड आहे, असं ऐकून मी होकार दिला. कसल्या गाण्याची, ते विचारायचं राहिलं.”

तर यंदाच्या मार्चमध्ये मखमलाबादच्या एका फूलशेती करणाऱ्या घरचा दहावा होता. गेलेले खंडेराव जगझाप, वय एक्क्याऐंशी. विधीला त्यांची बायको सखुबाई, इंदिरानगरात राहणारी मुलगी रूपाली, एक पुतण्या आणि दहा-बारा भाऊबंद. पिंड मांडून झाले. कावळे भिंतीवर बसले होते, पण एकही पिंडाला शिवेना.

आता कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग नातलग हात जोडून एकेक वचन देऊ लागतात. पुतण्या म्हणाला, “काका, झेंडूचं वावर विकणार नाय.” कावळा ढिम्म. रूपाली म्हणाली, “बाबा, आईला मी माझ्याकडे नेते.” यावर सखुबाईच म्हणाल्या, “मी नाय येणार,” आणि कावळ्याने मान फिरवली. उपेंद्रनी नाइलाजाने दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून तो जड श्वास ऐकू आला. फोन बंद करायचा राहिला होता, आणि मालिनीला कोथिंबीर आणायची आठवण करून द्यायची होती.

भाऊबंद दचकून दोन पावलं मागे सरले. उपेंद्र ओशाळून पिशवी चाचपू लागले. सखुबाई मात्र ताठ बसल्या.

“गुरुजी, हे तुमच्याकडं कसं? हे आमच्या ह्यांचं हाय.”

“नाही हो, हे शशिरंजन म्हणून मोठे...”

“त्येच. टीव्हीवाला म्हनला, खंडेराव नावाच्या मानसाला कोन घाबरनार? म्हनून बदललं.”

उपेंद्रच्या हातातला दर्भ गळून पडला. तीस वर्षं ज्याला मुंबईत शोधलं तो माणूस पाच किलोमीटरवर झेंडू खुडत होता, आणि भेट झाली ती अशी. मोठ्या मुश्किलीने त्यांनी विचारलं, “आणि तो श्वास? कोणतं वाद्य?”

“फवारनीचा पंप. माझ्या पाठीवर व्हता. ह्ये पेटी वाजवायचे, मी दांडा हलवायची.”

“मूळ टेप? पाचवा भाग?”

आता रूपाली चाचरली. “एकच टेप होती, गुरुजी. तिसऱ्या दिवशी अस्थींबरोबर आपण इथेच सोडली की. तुम्हीच म्हणालात, आवडीची वस्तू मागे ठेवू नका, जीव अडकतो.”

ते वाक्य उपेंद्र सगळ्यांनाच म्हणत. तांबड्या फडक्यातली ती चपटी वस्तू त्यांना लख्ख आठवली. पुढचे यजमान खोळंबले होते म्हणून “सोडा, सोडा” करत त्यांनी स्वतःच घाई केली होती. जन्मभर जे हवं होतं ते त्यांनी समंत्रक गोदावरीत बुडवलं होतं. त्यांना तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरावंसं वाटलं.

“लावा तरी तुमच्याकडं हाय ते,” सखुबाई म्हणाल्या.

उपेंद्रनी फोनवर पाचवा भाग लावला. घाटावर बाई मागच्या दाराशी आली, पंप धापा टाकू लागला, पेटी चढत गेली, आणि खट्. लाईट गेली.

“फुडचं?”

“नाही माझ्याकडे.”

सखुबाईंनी डोळे मिटले. आधी तोंडाने पंपाचा श्वास काढला, मग पेटीचे सूर गुणगुणू लागल्या. उपेंद्रना वाटत होतं, शेवट अंगावर येणारा असेल. पण ते सूर खाली खाली येत गेले, लेकराला थोपटून निजवावं तसे. ते भूत कोणाच्या मानेवर बसायला आलंच नव्हतं, घरी आलं होतं. रूपालीने हे बापाचं संगीत आयुष्यात नीट ऐकलं नव्हतं. ती हुंदके देऊन रडू लागली. उपेंद्रही रडत होते. रोज मृत्यू पाहणारा माणूस, पण आज त्यांचा स्वतःचाच कोणीतरी गेला होता.

“अहो गुरुजी, शिवला की कावळा!” हार विकणाऱ्या सुमनबाई पायऱ्यांवरून ओरडल्या. “येऊन, खाऊन गेलासुद्धा! तुमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले!”

चौदाव्या दिवशी उपेंद्र मखमलाबादला गेले. रूपालीने मोबाईल रेकॉर्डिंगला लावला, सखुबाईंनी नवऱ्याची पेटी पुढ्यात ओढली, आणि सोवळ्यातल्या गुरुजींच्या पाठीवर पंप चढला. इतक्या वर्षांची हौस ती. त्यांनी दांडा जोरजोरात हलवायला सुरुवात केली.

सखुबाईंनी पेटी थांबवली.

“हळू, गुरुजी. लय लांबून चालत आलंय ते. दमलंय.”